दीड पंख्याचं यंत्र

मुकुंदा,

माणूस गेल्यावरच त्याची खरी उंची कळते, असं तुझ्या शोकसभेत अध्यक्ष म्हणाले आणि सभेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वास्तविक तुझी उंची मला गेली काही वर्षं रोज सकाळी कळत आलेली आहे. ती एका संकेतस्थळावर आकड्यांत लिहिलेली असते आणि माझा पहिला चहा होईपर्यंत ताजी झालेली असते. त्यासाठी तू जायची काही गरज नव्हती.

सभा तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी बारशाच्या पताका काढायच्या राहून गेल्या होत्या. अध्यक्षांनी तुला 'संगणकक्षेत्रातले तपस्वी' म्हटलं. जन्मभर मानपाड्याच्या एका कारखान्यात दाबमापकं दुरुस्त करणारा माणूस निवृत्तीनंतर गॅलरीत एक जुना डेस्कटॉप ठेवतो आणि तो बंद करत नाही, एवढ्यावर तपस्वी होता येतं हे मला माहीत असतं, तर मीही वेळेवर प्रयत्न केला असता. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, मुकुंदराव कॅन्सरवर औषध शोधत होते. तिसऱ्यांनी सांगितलं, त्यांचा परदेशातल्या शास्त्रज्ञांशी रोजचा संपर्क होता. संपर्क होता हे खरं. तुझं यंत्र त्यांच्या यंत्राला उत्तर पाठवायचं आणि त्यांचं यंत्र पुढचं काम पाठवायचं. माझ्याही घरी हेच चालतं. माझ्याबद्दल कुणी असं बोलत नाही, कारण एक तर मी अजून जिवंत आहे, आणि दुसरं म्हणजे माझा आकडा तुझ्यापेक्षा लहान आहे.

तुला हे सांगायला नको, पण आणखी कुणी हा मजकूर वाचलाच तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. जगातल्या काही प्रयोगशाळांकडे गणितं फार आणि यंत्रं कमी असतात. मग ते त्या गणितांचे बारीक तुकडे करतात आणि तुमच्याआमच्या घरातल्या संगणकांना वाटून देतात. आपण एक प्रोग्राम बसवायचा. काम येतं, संगणक ते करतो, उत्तर परत जातं. आपल्या प्रकल्पात प्रथिनांचे रेणू कसे दुमडतात ते शोधायचं असतं; पुढे कधीतरी औषधं करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल अशी आशा. बदल्यात गुण मिळतात. त्या गुणांनी काहीही विकत घेता येत नाही. ते कुणाला देता येत नाहीत, मुलांच्या नावावर करता येत नाहीत. कुणाचे जास्त आणि कुणाचे कमी, एवढंच त्यातून कळतं. हेवा करायला याहून स्वच्छ सोय माणसाने अजून काढलेली नाही.

आपण डोंबिवलीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. लग्नानंतर मी ठाण्याला, नौपाड्यात राहायला आलो, तू पूर्वेलाच राहिलास, आणि त्यावर जन्मभर बोललास. मी कशाहीबद्दल जरा ठाम मत दिलं की तुझं ठरलेलं वाक्य यायचं, "ठाण्याला गेलास रे, विलायतेला नाही." मी बँकेत होतो, पुस्तकं वाचायचो, आणि आपल्या दोघांत मी हुशार असं आपलं दोघांचंही मत होतं. तुझं ते मत शेवटपर्यंत टिकलं. मला मात्र माझं टिकवायला फार कष्ट पडले.

भेटायला यायची पाळी कुणाची, हा आपला सर्वांत जुना वाद. "गेल्या वेळी मी आलेलो," असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, तो तू लग्नाला आलास, लग्नाचं येणं धरत नाहीत. "मग दवाखान्यात आलेलो ते?" तेही धरत नाहीत. मध्ये चार स्टेशनं काय ती, पण आपण दोघं असे बसून असायचो की मधे सरहद्द असावी. तेवढ्यात दुसरीकडे माणसं अमेरिकेला जाऊन नातवंडं सांभाळून परत यायची.

निवृत्त झाल्यावर मी तुला फोन केला आणि म्हणालो, मलाही या कामात यायचंय, हात राखून खर्च करायचाय, कुठलं मशीन घेऊ ते सांग. समाजासाठी काहीतरी करावं असं वाटतं, असंही म्हणालो. खरं म्हणजे तुझे गुण मी पाहिले होते आणि ते मला सोसले नव्हते.

तू खूश झालास. कारखान्यात नव्या ऑपरेटरला समजावतात तसं तू मला समजावलंस. आधी घरात काय पडलंय ते बघ, जे आहे तेच लाव. ते पुरत नसेल तर दुकानात जायच्या आधी प्रकल्पाला काय लागतं ते वाच. आपल्याकडचं काम प्रोसेसरवर चालतं, ग्राफिक्स कार्डाला त्यात काही करायला नाही, तेव्हा त्याच्या नादी लागू नको. दुकानदाराला एकदाच द्यायचे असतात, विजेचं बिल दर महिन्याला येतं, म्हणून यंत्र किमतीवर निवडायचं नाही, ते खातं किती यावर निवडायचं. मोठ्या कंपन्या ऑफिसातले छोटे डेस्कटॉप तीन-चार वर्षांनी काढून टाकतात, ते चांगले असतात. रॅम भरमसाठ नको. पॉवर सप्लाय मात्र नवा आणि चांगल्यातला घ्यायचा, तिथे चिकटपणा नाही, कारण जुना जळला की शेजारपाजार घेऊन जळतो. आणि वेग थोडा खाली ठेवायचा. पूर्ण वेगात पळवलं की शेवटच्या जराशा कामापायी वीज खूप जाते आणि यंत्र तापतं.

"आपल्याला शर्यत नाही लावायची, विन्या," तू म्हणालास. "चालू ठेवायचंय."

मला शर्यतच लावायची होती. मी दुसऱ्या दिवशी चालत जवळच्या दुकानात गेलो आणि बाजूला काचेची भिंत असलेलं, आत रंगीत दिवे फिरणारं यंत्र घेऊन आलो. त्यात विटेएवढं ग्राफिक्स कार्ड होतं. दुकानदार म्हणाला, काका, यावर काहीही चालेल. त्याचं बरोबर होतं. फक्त आपला प्रकल्प त्या कार्डावर चालत नव्हता.

ते बघायला तू आलास, पाळी तुझी नसताना. हात मागे बांधून त्याच्यासमोर उभा राहिलास, मंडळाची आरास बघायला उभे राहतात तसा. छान आहे म्हणालास. मग विचारलंस, "किती पंखे?"

हे तुझं माप. वॉट हा शब्द तू घरात वापरायचा नाहीस, कारण वॉटचं कुणाला काही वाटत नाही. पण छताचा पंखा सगळ्यांना माहीत असतो. तुझं यंत्र दीड पंख्याचं. माझ्या यंत्राच्या मागे तू तळहात धरलास, ताप बघतात तसा, आणि पाच-सहा असतील असं सांगितलंस. मग कार्डाकडे बोट करून ते काय करतं म्हणून विचारलंस. मी म्हणालो, सध्या काही नाही.

"दिवे तर लावतंय," तू म्हणालास. त्यात टोमणा नव्हता. तू खरोखरच त्याची बाजू घेत होतास. टोमणा असता तर मला झोप लागली असती.

आमच्या हिने त्या यंत्राचं नाव 'लग्नाचा हॉल' ठेवलं आणि ते संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच चालेल असा हुकूम काढला. त्या वेळी बैठकीच्या खोलीत एसी तसाही चालू असतो, असा तिचा विचार. म्हणून माझा नवाकोरा प्रोसेसर चार तास धावायचा आणि तुझा कुठल्याशा ऑफिसातून हाकलून दिलेला म्हातारा दिवसभर आणि रात्रभर चालायचा. काय होणार हे सांगायला तपस्वी लागत नाही.

तुमच्या घरी वेगळा तह झाला होता. बिल वाढणार म्हटल्यावर रेखावहिनींनी हरकत घेतली, तेव्हा तू वाद घातला नाहीस. गीझर बंद केलास. तुझ्या अंघोळीचं पाणी तू गॅसवर तापवायला लागलास, आणि दीड पंखा घरात आला. स्वयंपाकघराच्या गॅलरीत, वहिनींच्या जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर तू तो खोका बसवलास. मागून गरम हवा येते असं दिसल्यावर वहिनींनी तिथे एक तार बांधली आणि रुमाल, मोजे, ओट्याची फडकी वाळत घालायला सुरुवात केली. श्रावणात आमच्याकडे टॉवेलला कुबट वास यायचा, तेव्हा तू फोनवर सांगायचास की आमचे रुमाल कडक वाळतात, त्यांना इस्त्रीचीही गरज नाही. याही गोष्टीचा मला हेवा वाटला होता. रुमालांचा. मी कुठपर्यंत आलो होतो बघ.

त्यात तू संकेतस्थळावर आपला संघ काढलास आणि त्याचं नाव ठेवलंस 'डोंबिवली पूर्व'. मी नौपाड्यात राहतो म्हणून तक्रार केली, तर तू म्हणालास, बाहेरगावचे खेळाडू चालतात. पुढे फिनलंडमधल्या एक निवृत्त शिक्षिका त्या संघात आल्या, केवळ नाव आवडलं म्हणून. तू त्यांना तुझ्या मोडक्या इंग्रजीत तुमच्याकडच्या भाजीबाजाराचं वर्णन लिहायचास. तुझी बातमी संघाच्या पानावर मी टाकली. त्यावर त्या बाईंनी लिहिलं की त्यांनी खिडकीत मेणबत्ती लावली आहे. मी त्यांना इतकी वर्षं व्याकरणशुद्ध इंग्रजीत लिहीत आलोय. माझ्या खोकल्याचीही त्यांनी कधी चौकशी केलेली नाही.

गेल्या वर्षभरात मात्र दिवस पालटायला लागले होते. तुझा रोजचा आकडा खाली येत होता. यंत्र तापतंय, तू फोनवर म्हणालास, तापलं की आपणहून हळू होतं, आणि काय करावं सुचत नाही. माझ्याकडे धूळ उडवायचा ब्लोअर आहे, काचेच्या भिंतीसाठी घेतलेला. तो घेऊन ये म्हणालास. मी म्हणालो, येऊन घेऊन जा, पाळी तुझी आहे. मग मी विचारलं, झाकण उघडून ब्रशने का साफ करत नाहीस? "नको, झाकण नाही उघडत मी सध्या," तू म्हणालास. जन्मभर यंत्रं उघडलेला माणूस एक झाकण उघडत नाही, हे मला विचित्र वाटलं, पण आकडे माझ्या बाजूने होते, मी खोलात गेलो नाही. तू एवढंच म्हणालास, "बघू, कोण येतं." आपलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर चारच दिवसांनी तुझ्या मुलाचा फोन आला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला फोन केला. मुलगा बेंगळुरूला परत गेला होता आणि जाताना, ते मशीन काढून टाक, उगाच बिल येतं, असं सांगून गेला होता. वहिनींना त्यातलं कळत नव्हतं. ते अजून चालूच होतं, कारण कसं बंद करायचं हे तू कुणाला सांगितलं नव्हतंस. "तुम्ही या भावजी," त्या म्हणाल्या, "आणि काय ते तुम्हीच ठरवा. दुसऱ्या कुणाला विचारू मी?"

आता तुला सांगतो काय झालं. फोन ठेवल्यावर मी संकेतस्थळावरची गुणांची यादी उघडली. तुझं यंत्र बंद झालं की तुझा आकडा आहे तिथे थांबणार होता. माझा रोज संध्याकाळी वाढत राहणार होता. दिवाळीच्या सुमारास मी तुझ्या पुढे गेलो असतो, न्यायाने, कुणाच्या तरी विनंतीवरून, आणि वर मदत केल्याचं पुण्य. पिशवीत मी स्क्रूड्रायव्हर टाकला. ब्लोअरही टाकला. तो का टाकला ते सांगता येत नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून असेल.

वहिनींनी दार उघडलं. तुझा फोटो टीव्हीच्या कपाटावर आहे; त्यात तू दुसऱ्याच्या विनोदाला हसतोयस असा दिसतोस. गॅलरीत तो खोका होता आणि त्याचा पंखा धाप लागल्यासारखा फिरत होता. मागच्या तारेवर रुमाल होते. त्यातले दोन तुझे होते. बाकीच्यांसारखेच वाळत होते.

"बंद करायचं तर तुम्ही करा," वहिनी म्हणाल्या. "माझा हात नाही होत."

मी पडद्यावर बघितलं. एक काम हातात होतं आणि थोडंच उरलं होतं. ते अर्धवट सोडलं तर वाया जातं, म्हणून आम्ही ते पुरं होईपर्यंत थांबलो. वहिनींनी चहा केला. त्यांनी मला विचारलं, ह्यांच्या या कामाने खरंच कुणी बरं होतं का हो? हा आपलाही न संपलेला वाद. मी तुला नेहमी म्हणायचो की कुणाला काय उपयोग झाला हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि तू म्हणायचास, तू रोज पेपर वाचतोस त्याचा कुणाला उपयोग झाला ते मला सांग, मग माझं विचार. वहिनींना मी, होत असेल, असं म्हणालो. तुझ्या बाजूने बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

काम संपलं, उत्तर गेलं, आणि मी यंत्र बंद केलं. पंखा थांबला. गॅलरीत एकदम इतकं शांत झालं की खालच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाक वर ऐकू आली. "किती आवाज होता हो याचा," वहिनी म्हणाल्या. "चालू होता तेव्हा कळलाच नाही."

मुकुंदा, त्या क्षणी मी जिंकलो होतो. मला ते जाणवलंही. मग म्हटलं, विकायचं तर निदान पुसून तरी द्यावं, आणि मी झाकण उघडलं.

आतमध्ये धूळ असते. सगळ्यांच्याच यंत्रात असते, राखाडी, कापसासारखी. तुझ्या यंत्रात ती लाल होती. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये लाल-पिवळा थर बसला होता, स्वयंपाकघरातल्या फोडण्यांच्या वाफेने चिकट झालेला, आणि त्यात झेंडूची एक वाळलेली पाकळी उभी अडकली होती. हवा जायला फट म्हणून उरली नव्हती.

दसऱ्याला घरोघरी यंत्रांची पूजा होते, त्यात नवल नाही. आमच्या हिनेही लग्नाच्या हॉलला एक फूल वाहिलं होतं, लांबून. पण वहिनींनी मला सांगितलं की गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या घरातच असायच्या, आणि हे मशीन आजारी माणसांसाठी काम करतं असं तूच त्यांना सांगितलं होतंस, म्हणून दर शुक्रवारी देवांना हळदकुंकू वाहिलं की त्या यालाही वाहायच्या. समोरच्या जाळीवर, चिमूट चिमूट. पुढचा पंखा हवा आत ओढतो. वर्षभर तो ते कुंकू ओढत होता.

"एवढं आतपर्यंत गेलं?" त्या म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या. "म्हणजे तापत होतं ते माझ्यामुळे. आणि ते बिचारे रोज वाकून वाकून बघायचे."

मी म्हणालो, तसं काही नाही, सगळ्यांचीच यंत्रं तापतात, जुनं झालं की होतं असं. बोलायचं म्हणून बोलत होतो आणि हाताने पुढचा पत्रा सोडवत होतो. तो निघाला. त्याच्या आतल्या अंगाला, पंख्याच्या तोंडावर, जाळीदार कापडाचा एक तुकडा बसवलेला होता. चार पदरी, कडेने नीट शिवलेला, कोपऱ्यांना तारेने बांधलेला. तुझं काम, ओळखायला वेळ लागला नाही. तोही लाल झाला होता. जमेल तेवढं कुंकू त्याने अडवलं होतं आणि उरलेलं आत गेलं होतं.

वहिनींनी तो बोटाने चाचपला. "ही माझी जुनी मच्छरदाणी. ह्यांनी कापून घेतली होती. मी विचारलं, कशाला, तर म्हणाले, आत डास जातात."

"डास म्हणाला?"

"डास."

तुला माहीत होतं. यंत्र का तापतंय ते तुला पहिल्यापासून माहीत होतं. पूर्वी त्या भजनाला जायच्या तेव्हा तू झाकण उघडून साफ करत असणार. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत आणि त्यांच्यासमोर झाकण उघडलं असतं तर हे लाल दिसलं असतं. म्हणून तुला ब्लोअर हवा होता. झाकण न उघडता, बाहेरूनच हवा मारायची होती. कुंकू नको लावूस, एवढे तीन शब्द तू बोलला नाहीस. त्याऐवजी तू रोज थोडा मागे पडत गेलास आणि मी नौपाड्यात बसून आनंदाने ते मोजत होतो.

तुझ्या गुणांचा मला हेवा वाटायचा, हे तुला ठाऊक असणार. रुमालांचा वाटायचा, हे कदाचित नसेल. पण त्या चार पदरी जाळीचा जो वाटला तसा मला आयुष्यात कशाचाच वाटलेला नाही. गुण मी मिळवू शकतो. वेळ लागेल, वीज लागेल, पण आकडाच तो, गाठता येतो. कुणापासून तरी इतक्या काळजीने लपवावं असं काही माझ्याकडे नाही, आणि असतं तरी मी ते बोलून मोकळा झालो असतो, वर दोन कारणंही दिली असती. मी बोलण्यात चांगला आहे. तू शिवण्यात चांगला निघालास.

वहिनी हसल्या. तू गेल्यावर पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. मग तारेवरचा एक रुमाल ओढून त्यांनी डोळे पुसले. तो तुझाच होता.

"परत चालू होईल का हो?" त्यांनी विचारलं.

बिलाचं काय म्हणून मी विचारलं. मुलाचं म्हणणं काय ते ठाऊक असूनही विचारलं, हे लक्षात घे.

"गीझर कुठे लावलाय मी," त्या म्हणाल्या. "आणि माझे रुमाल कुठे वाळायचे?"

मी ब्लोअर काढला. खोका कठड्याकडे वळवला आणि हवा मारली. असा लाल ढग उडाला की कठडा, तुळशीची कुंडी आणि माझा सदरा, सगळं एका रंगाचं झालं. खालच्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, "अहो वर काय रंगपंचमी चाललीय का?" वहिनींनी वाकून सांगितलं की मशीन साफ करतोय. खालून आवाज आला, "अगंबाई, मुकुंदकाकांचं का? मग करा." तिथेही तुझी पत होती. नौपाड्यात मी हे केलं असतं तर सोसायटीची नोटीस आली असती.

जाळी वहिनींनी साबणाने धुतली आणि तुझ्याच यंत्राच्या गरम हवेवर वाळवायची म्हणून आम्ही आधी यंत्र चालू केलं, मग ती वाळल्यावर बंद करून जागेवर लावली, मग परत चालू केलं. पंख्याचा आवाज आता इतका मऊ येत होता की वहिनींनी दोनदा जवळ जाऊन चालू आहे ना ते बघितलं.

निघताना त्यांनी एक गोष्ट विचारली. गेल्या दोन शुक्रवारी त्यांनी त्याला काही वाहिलं नव्हतं. आपण आता लावायचं की नाही ते त्यांना समजेना, आणि हे त्या मला विचारत होत्या, ज्याने कशावरच कधी विश्वास ठेवला नाही. मग त्यांचं त्यांनीच ठरवलं. "मी लावणार. ते तर चालू आहे ना. त्याला काय झालंय?" मी एवढंच सुचवलं की कोरडं नको, पाण्यात कालवून ओलं लावा, आणि पुढच्या जाळीवर नको, वरच्या झाकणावर. इतक्या वर्षांत हार्डवेअरबद्दल मी कुणाला दिलेला हा पहिला योग्य सल्ला. तो तुझ्यामुळे द्यायला मिळाला.

पाळीचा वादही मिटला म्हणायचा. शेवटी मी आलो, ब्लोअर घेऊन, तुला हवा होता तसा. हे धरायचं की नाही ते तू ठरवणार होतास, आणि तू नाहीस, म्हणून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, धरतील हो, यावेळी धरतील. पुढच्या महिन्यात जाळी धुवायला परत जायचंय. म्हणजे लागोपाठ दोनदा माझीच पाळी. हे तुझ्यासमोर मी कधी चालू दिलं नसतं.

खूप बोलायचं राहिलं, मुकुंदा. तुझ्या त्या फोनच्या शिकवणीबद्दल मी कधी आभार मानले नाहीत, कारण मी त्यातलं काही ऐकलं नव्हतं. आता लग्नाच्या हॉलमधून ते कार्ड काढून टाकतोय. दिवे राहतील, ते काढता येत नाहीत.

आज सकाळी यादी पाहिली. तू दोन क्रमांक वर गेला आहेस. मी आहे तिथेच आहे.